पात्रयोजना

धुडकू सरांनी वाचनालयाच्या भिंतीवर चादर ताणली.
एका कोपऱ्याला खिळा नव्हता,
तिथं ते स्वतःच उभे राहिले.
अमळनेरात त्या रात्री आम्ही सात जण,
आणि आठवा पंखा, सारखा मध्ये बोलणारा.

ही कादंबरी मी पाच वर्षं मराठीत आणत होतो.
कोर्टातल्या नकला करून उरलेल्या डोळ्यांनी
रोज अर्धं पान.
तिच्यातल्या आईचं नाव ओबियागेली.
ते मी सायकलवर पाठ केलं,
स्टेशनपासून बोरीच्या पुलापर्यंत,
ओ, बि, या, गे, ली,
पायडलागणिक एक अक्षर.

पडद्यावर ती आली.
देखणी होती. रंगही तोच.
पण वाढलेली समुद्रापलीकडच्या कुठल्या शहरात.
कंद सोलताना तिनं सुरीचं पातं स्वतःकडे धरलं.
पुस्तकातली बाई बाहेर धरते, पान एकशे बारा,
कारण धाकटा तिच्या मांडीवर असतो.
आणि वाक्य संपलं की ही थांबायची,
टाळ्यांना जागा सोडल्यासारखी.

मी चिडलो.
त्या गावात बाया नव्हत्या का, म्हणालो,
त्या नदीवर धुणं आपटणाऱ्या?
कातडं जुळलं की गाव जुळतं?
मग उद्या आपल्या कौतिकबाईचं काम
साताऱ्याच्या नटीला देतील, रंग तर एकच!

"देतसच ना भो," अंधारातून हिलाल म्हणाला.
चोपड्याला शूटिंग झालं तेव्हा तो जनरेटरवर होता.
वांगी आपली, काट्या आपल्या, धूर आपला,
आणि भरीत भाजणारी दर वाक्याला
"काय वो धनी" म्हणत होती.
सगळे हसले.
मीही हसलो, आणि हसता हसता
दाताखाली खडा यावा तसं आठवलं.

माझ्या वहीत ओबियागेली बोलते कशी?
नवरा रात्री उशिरा येतो, तेव्हा म्हणते:
"वनात का? पाय धुई ल्या, भाकर झाकेल शे."

ही तर ठगूजिजी.
माझी मावशी, कापडण्याची.
कुणावर चिडली की आधी पदर खोचायची,
मग शब्द शोधायची.
मला त्या दूरच्या बाईचा आवाज ऐकूच येत नव्हता,
कसा यावा, मी जळगावच्या पुढं गेलो नाही,
म्हणून जिजीला न विचारता
मी बोटीत बसवलं.
परक्या अंगणात, परक्या झाडाखाली नेलं,
परक्या लेकरासाठी रडवलं पानंच्या पानं.
मानधन नाही. नामावलीत नाव नाही.
आणि ओबियागेलीच्या ताटात
कळण्याची भाकर, जी तिनं जन्मात पाहिली नाही.
निदान त्या नटीनं
रंगभूषेच्या खुर्चीत बसून होकार दिला होता.

एवढ्यात लाइट गेली.
पंखा गप्प झाला तेव्हा कळलं
किती वेळ तो बोलत होता.
"पुढं काय होतं?" कुणीतरी विचारलं.
"तुम्हाला पाठ असेल ना, वाचा."

मोबाइलच्या उजेडात वही उघडली.
आई पुरात वाहून गेलेल्या पोराला हाका मारते, ते पान.
हाका मी वाचल्या.
तोंडातून ठगूजिजीच निघाली,
ठसक्यासकट, तिच्या तपकिरीच्या वासासकट.
खिडकीबाहेर बोरीचं पात्र कोरडं पडलेलं,
पूर तेवढा माझ्या वहीत.

वाचून थांबलो.
बराच वेळ कुणी काही बोललं नाही.
मग हिलाल हळूच म्हणाला,
"हाई ते आपली जिजी शे."

तक्रार होती की दाद,
अंधारात त्याचा चेहरा दिसेना.

चादरीचा कोपरा धरून
धुडकू सर अजून तिथंच.
"सोडू का आता?" त्यांनी विचारलं.